समोरून उत्तर आलं नाही

आमच्या बीड जिल्ह्यात पहिला 'नको' हा नकार नसतो, ती रीत असते. कुणी चहा विचारला की आधी 'नको' म्हणायचं, मग 'आत्ताच झालाय', मग 'बरं, अर्धा टाका', आणि शेवटी बशीतला घोटही सोडायचा नाही. हे इथल्या लेकरांनाही शिकवावं लागत नाही. अख्ख्या जिल्ह्यात ही रीत न पाळणारा एकच माणूस मी पाहिला आणि नशीब असं, की मी त्याच्याच हाताखाली नोकरीला लागले.

त्यांना सगळे सर म्हणत. कधीकाळी ते अंबाजोगाईत कॉम्प्युटरचा क्लास घेत. विद्यार्थ्यानं तीच शंका दुसऱ्यांदा विचारली की म्हणत, "एकदा सांगितलंय." विद्यार्थी शहाणे होते, ते दुसऱ्यांदा विचारायला शेजारच्या क्लासमध्ये जायला लागले. क्लास बंद पडला, 'सर' तेवढं मागं राहिलं.

ऑफिसात पाहुणा आला की सर विचारत, "चहा घेणार?" पाहुणा रीतीप्रमाणे म्हणे, "नको, नको." सर म्हणत, "बरं," आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे तोंड फिरवत. पाहुणा बिचारा पुढचा आग्रह कधी येतो याची वाट बघत भिंतीवरची पाल न्याहाळत बसे. मग सुकल्या तोंडानं जिना उतरून खाली जाई आणि आमचे मालक अप्पा, त्यांना सांगे, "वर लई खडूस माणूस बसिवलाय तुमी."

सरांचं म्हणणं असं, की एकदा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारतो तो लाचार. हे ते दुसऱ्यांपुरतं ठेवत नसत, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांनी अप्पांकडे एकदा चांगली खुर्ची मागितली होती. अप्पा म्हणाले, "बघू." व्यापाऱ्याच्या तोंडचं 'बघू' म्हणजे 'अजून एकदोनदा मागा, मग देतो'. सरांनी पुन्हा विषय काढला नाही. मी तिथं होते तितकी वर्षं ते डुगडुगत्या स्टुलावर बसले, आणि अप्पा येताजाता म्हणत, "या माणसाला खुर्ची नको असती, बघा. साधा हाय."

अप्पांचं अंबाजोगाईच्या मंडी बाजारात भांड्यांचं दुकान. माडीवर आमच्या वाणी समाजाचं वधू-वर सूचक केंद्र. वर लग्न जमायचं आणि खाली लग्नाची भांडी घ्यायची, म्हणजे गिऱ्हाईक जिन्याखेरीज कुठं जायला नको. केंद्राला दोन शाखा होत्या. एक नांदूरघाटला, मावशींच्या बांगड्यांच्या दुकानात. मावशी माझ्या कुणी नव्हेत, पण बांगड्या भरणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. दुसरी दिंद्रुडला, एका किराणा दुकानात. सर प्रोग्राम लिहीत आणि मी माडीवर बसून मुलामुलींची माहिती त्यात भरत असे. दुसऱ्यांची लग्नं जुळवता जुळवता माझी तिशी दाराशी येऊन उभी राहिली होती, पण तिला कुणी चहा विचारत नव्हतं.

आधी शाखांची माहिती पेनड्राइव्हवर यायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. एकदा तो पेनड्राइव्ह अंबाजोगाईला उतरायचा राहिला आणि परळीला गेला. तो सापडेपर्यंत दिंद्रुडची सगळी पोरं बिनलग्नाची बसून राहिली. तेव्हा अप्पांनी ठरवलं, की तिन्ही मशीनवर एकच माहिती दिसली पाहिजे. वेबसाइट मात्र नको. "पोरींचे फोटो काय जगाला दाखवायचेत? प्रोग्राम आपल्या तीन मशिनीतच ऱ्हाऊ द्या."

पुण्याहून एक चुणचुणीत पोरगा सल्ला द्यायला आला. म्हणाला, "सोपं आहे. डेटाबेस बाहेर सर्व्हरवर टाकू, तिन्ही प्रोग्राममध्ये त्याचा पासवर्ड भरू आणि थेट जोडून देऊ." सरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तो चपला घालून देवघरात शिरलाय.

"मुलगी बघायला आलेला पाहुणा थेट माजघरात शिरतो का?" सरांनी विचारलं. पोरगा पुण्याचा, त्याला माजघरच ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "पाहुणा ओसरीवर बसतो. काय पाहिजे ते तिथं सांगतो. घरचं माणूस आत जातं आणि द्यायचं तेवढंच बाहेर आणतं. डेटाबेस म्हणजे माजघर. मी मधे ओसरी बांधणार."

त्या ओसरीचं नाव वेब सर्व्हिस. नांदूरघाटचा प्रोग्राम इंटरनेटवरून ओसरीवर येणार, आपली ओळख देणार, निरोप सांगणार. ओसरी तो तपासून माजघरात ठेवणार आणि 'पोचलं' म्हणून उलट कळवणार. माजघराची किल्ली एकट्या ओसरीजवळ. शाखेतलं मशीन उद्या कुणी पळवून नेलं तरी पोरींची माहिती त्याच्या हाती लागणार नाही. माणूस कितीही खडूस असला तरी काम चोख होतं, हे मला मान्य करावंच लागतं.

फक्त त्या ओसरीवर जाणारा प्रोग्राम सरांच्याच वळणावर गेला. तोही एकदाच विचारायचा. 'पोचलं' असं उत्तर आलं तर ठीक. मधेच लाईन तुटली, तर पडद्यावर 'समोरून उत्तर आलं नाही' एवढं दाखवायचा आणि तो निरोप कायमचा मिटवून टाकायचा.

मी म्हटलं, "सर, त्याला पुन्हा पाठवायला सांगा ना. इथं ढग आला तरी नेट जातं."

"लोचटपणा मी प्रोग्रामला शिकवणार नाही," सर म्हणाले.

यामागं एक कारणही होतं, नाही असं नाही. सुरुवातीला शाखांमधून 'पाठवा' हे बटण लोक विहिरीवरच्या मोटारीचं दाबावं तसं दाबत, मोटार सुरू होईपर्यंत. दिंद्रुडचा एक मुलगा त्यामुळं तीनदा नोंदला गेला. एका मुलीच्या बापानं ते बघितलं, तिघं भाऊ असल्याचं धरलं, म्हणजे जमिनीचे तीन वाटे होणार असा हिशेब केला आणि स्थळ सोडून दिलं. त्यावर सरांनी दोन्ही शाखांच्या भिंतींवर कागद चिकटवला: बटण एकदाच दाबावे. खरा उपाय त्यांना ठाऊक होता. प्रत्येक निरोपाला आपला एक क्रमांक द्यायचा. तोच निरोप पुन्हा पुन्हा आला तरी ओसरी तो एकदाच धरणार. मग कितीदाही विचारा. पण कितीदाही विचारायची कल्पनाच सरांना सोसत नव्हती.

दिंद्रुडची शाखा ज्या किराणा दुकानात होती, ते दुकान सरांच्या थोरल्या भावाचं. दोघांचं बोलणं बंद होतं. सरांनी घरचं दुकान सोडून कॉम्प्युटरचा नाद धरला तेव्हा भाऊ चारचौघांत म्हणाला होता, "काटा सोडून डबडं बडवायला निघालाय." पुढं त्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. सरांनी एका माणसाबरोबर निरोप धाडला, 'येऊ का?' उत्तर आलं नाही. सर पुतणीच्या लग्नाला गेले नाहीत आणि त्यानंतर दिंद्रुडलाही गेले नाहीत. हे मला अप्पांनी सांगितलं होतं. दोघा भावांची तोंडं बंद आणि त्यांच्या टेबलांवरची मशीनं दिवसभर ओसरीवर बसून बोलतायत, याची अप्पांना मोठी गंमत वाटे.

दिंद्रुडचं मशीन बिघडलं की फोन मी लावायचा. सर स्टुलावरून सांगत, "त्यांना म्हणा, मागची वायर काढून परत लावा." पलीकडून आवाज येई, "त्याला म्हणावं, लावलिया." मी दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायची. वेब सर्व्हिस म्हणजे काय हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अशात मला नांदूरघाटचं स्थळ आलं. खतबियाण्यांचं दुकान, एकुलता मुलगा. बघण्याच्या कार्यक्रमात 'काही विचारायचंय का?' असं म्हटलं की मुलं साधारणपणे स्वयंपाक येतो का ते विचारतात, जसं काही आजवर आम्ही घरात कडबा खाऊन जगलो. हा मुलगा म्हणाला, "आमच्याकडं पाणी रोज येत न्हाई. उन्हाळ्यात लई हाल हायेत. आधीच सांगितल्यालं बरं." मला तो आवडला. सरळच सांगते, लई आवडला. मी मान डोलावली तेव्हा आमची आई सरबताचा तांब्या हातात घेऊन हसत उभी होती.

केंद्राचा नियम असा, की मुलाकडच्यांनी आपल्या शाखेतून निरोप द्यायचा आणि केंद्रानं तो मुलीकडे पोचवायचा. दोन्हीकडून होकार झाल्याशिवाय फोन नंबर द्यायचे नाहीत, कारण पूर्वी दिले तेव्हा लग्नांपेक्षा भांडणंच जास्त जमली. आता मुलीकडचं केंद्र म्हणजे मीच. रोज सकाळी मशीन उघडायचं, सगळ्या जगाचे होकार काढायचे, त्यांच्या घरी कळवायचे, आणि आपला तेवढा शोधत बसायचं. एकदा न राहवून मी सरांना विचारलं, "नांदूरघाटहून काही आलंय का?" सर म्हणाले, "आलं असतं तर दिसलं असतं." यात खोटं काही नव्हतं.

घरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपला निकाल दिला. "त्यांना न्हाई म्हणायचं आसल. आपण परत विचारायचं न्हाई. मुलीकडच्यानं दुसऱ्यांदा विचारलं की पोरगी जड झालीया म्हणतेत लोक." मी न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. पाणी वाया जातंय म्हणून आई बाहेरून ओरडली. नांदूरघाटला गेले असते तर ही सोयही नसती, असं मनाला समजावलं, पण मन काही मानेना.

पुढं एक दिवस नांदूरघाटच्या मावशी गुडघे दाखवायला सरकारी दवाखान्यात आल्या आणि जिना चढून धापा टाकत माझ्यापुढं बसल्या. पाणी प्यायच्या आधीच म्हणाल्या, "कावून गं बाई, येवढं चांगलं स्थळ कावून सोडलंस?"

"मी कुठं सोडलं? त्यांच्याकडूनच काही आलं नाही."

"आगं, बघून गेल्या दिशीच त्यांचा होकार आलता! म्याच पाठिवला. मशिनीवर आलं, समोरून उत्तर आलं न्हाई. म्या म्हणलं, तुमाला पसंत नसल. बिनउत्तराचा आर्थ आजून काय आसतो? तसंच त्यांच्या घरी जाऊन सांगितलं."

त्या दिवशी नांदूरघाटला जेसीबीनं रस्ता उकरताना केबल तोडली होती, हेही मावशींनीच सांगितलं. स्टूल डुगडुगायचं थांबलं. सरांनी विचारलं, "पुन्हा बटण नाही दाबलं?"

"तुमीच चिकटिवलंय की भिताडावर, एकदाच दाबायचं," मावशी म्हणाल्या. "आता ते ऐतवारी केजला दुसरी पोरगी बघायला निघालेत."

मी आयुष्यात पहिल्यांदा सरांवर ओरडले. "तुमच्या मानापायी माझं लग्न मोडलं," असं म्हणाले, आणि आणखीही बरंच काही म्हणाले, ते खाली भांडी घ्यायला आलेल्या बायकांनी ऐकलं. सर पडद्याकडे बघत राहिले. पडदा बंद होता.

मग त्यांनी फोन उचलला. मावशींनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. "फोनवर? आधी न्हाई म्हणून कळिवलंय, आता फोनवर हो म्हणताव? जाऊन बसावं लागतं दारात." दादांना मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, बोलावून आणलं. ते म्हणाले, "मी जाणार न्हाई. मुलीच्या बापाला मान हाय का न्हाई?" अप्पा म्हणाले, "केंद्र कुणाच्या दारात जात नसतंय. एकाच्या गेलं की समदे बोलिवतील." प्रत्येकाचा मान जागच्या जागी होता, आणि रविवार जवळ येत होता.

सर उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि म्हणाले, "मी जातो."

अप्पा हसले. "तुमी? तुमाला दुसऱ्यांदा चहा तरी विचारता येतो का?"

सर मावशींबरोबर परतीच्या एसटीनं गेले. तिथं काय झालं ते मावशींनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मी स्वतः तिथं होते असं आता वाटतं. मुलाच्या वडिलांनी बसायला सतरंजी टाकली, पण तोंड आंबट होतं. रीत म्हणून चहा विचारला. सर म्हणाले, "नको." त्यांचं 'नको' खरंखुरं असायचं. वडील म्हणाले, "घ्या की." मावशी म्हणतात, सरांनी त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघितलं, जणू हे त्यांना कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मग म्हणाले, "बरं, द्या."

चहा झाल्यावर सर म्हणाले, "मुलीकडून विचारायला आलोय."

"आमाला तर न्हाई म्हणून कळलं."

"ते न्हाई मुलीचं नव्हतं. माझ्या प्रोग्रामचं होतं. तुमचा होकार पोचलाच न्हाई. त्याला पुन्हा विचारायला म्या शिकिवलं न्हाई." इतकी वर्षं शाळेच्या पुस्तकासारखं बोलणारा माणूस तिथं सतरंजीवर दिंद्रुडचा झाला.

मुलाचे वडीलही काही कमी नव्हते. म्हणाले, "आमी एकदा विचारलं. उत्तर न्हाई. आता आमी कावून दुसऱ्यांदा विचारावं?"

"तुमी नका विचारू. मी विचारतो," सर म्हणाले. वडिलांनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. थोड्या वेळानं सर म्हणाले, "पुन्हा विचारतो." वडील तरी गप्पच. तेव्हा आतून, खताच्या पोत्यांमागून, मुलाचा आवाज आला, "बापू, म्या तर कवाच हो म्हणलोय. आता किती येळा म्हणू?"

तर आता मी नांदूरघाटला असते. पाणी रोज येत नाही, हे त्यानं अगदी खरं सांगितलं होतं. मावशींनी गुडघ्यांचं निमित्त करून शाखेचं मशीन माझ्या गळ्यात घातलंय. भिंतीवर त्या कागदाच्या चिकटपट्टीचे डाग आहेत. कागद सरांनी स्थळ विचारायला आले त्या दिवशीच, निघता निघता, आपल्या हातानं फाडला होता.

लग्न ठरल्यावर माझे माडीवरचे थोडेच दिवस उरले होते. त्या दिवसांत सरांनी प्रोग्राम बदलला. निरोपांना क्रमांक दिले, आणि उत्तर आलं नाही की थोडं थांबून पुन्हा जायला शिकवलं. आता पलीकडच्या शाखेच्या मशीननं ओसरीवरून निरोप उचलला तरच 'पोचलं' यायचं. अशा वेळी पडद्याच्या तळाशी लिहून यायचं, 'पुन्हा विचारतो आहे'. स्वतः सरही शिकत होते. पाहुणा 'नको' म्हणाला की जरा वेळ जाई, सरांच्या कपाळावर आठ्या पडत, आणि क्विंटलभर पोतं उचलावं तसं ते म्हणत, "घ्या की." पाहुणे घाबरून चहा घेत.

एके दुपारी बदललेला प्रोग्राम तपासायचा होता. लाईन तुटल्यावर तो काय करतो ते बघायचं होतं. सरांच्या सांगण्यावरून मी दिंद्रुडला फोन लावला आणि म्हटलं, "ते म्हणतायत, नेटची वायर काढून ठेवा." पलीकडून आवाज आला, "त्याला म्हणावं, काढलिया."

तपासणीचा निरोप म्हणून सर नेहमी काहीतरी आकडे टाकत. त्या दिवशी त्यांनी टाइप केलेलं मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'येऊ का?' एवढंच होतं. त्यांनी 'पाठवा' दाबलं. समोरून उत्तर आलं नाही. पुन्हा विचारतो आहे. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारतो आहे. सर हात मांडीवर ठेवून बघत होते. प्रोग्राम त्यांचाच, पण त्याची त्यांनाच लाज वाटत असावी असं तोंड होतं.

मी म्हटलं, "सर, चहा?"

"नको."

"घ्या की."

"बरं."

मी खिडकीतून खाली हॉटेलवाल्याला एक चहा सांगितला. मग सरांना न विचारताच दिंद्रुडला फोन केला आणि वायर लावा म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला निरोप गेला. पडद्यावर आलं, 'पोचलं'. पण ते मशीनचं उत्तर होतं. माणसाचं यायचं बाकी होतं.

चहा आला. सरांनी कप तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. दिंद्रुडचे भाऊ एका बोटानं टाइप करत, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून धीर धरला. त्या बोटानं खूप वेळ घेतला. मग आलं: 'आता विचारायलास व्हय? ये की.'

सरांनी ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग खुंटीवरची पिशवी घेतली आणि जिना उतरून गेले. दिंद्रुडवरून जाणारी माजलगावची एसटी कधी आहे, तेसुद्धा विचारायला थांबले नाहीत. चहा तसाच राहिला होता. तो मी प्यायले. वाण्याची लेक आहे, वाया कशाला घालवू?